युद्धातला स्फोट कोणामुळे झाला? उलटसुलट पुरावे तोलायला शिकणाऱ्यांसाठी

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली आणि साधारण अर्ध्या तासाने ती पुन्हा फुटली. धक्क्याची नोंद सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली. धूर खाली बसायच्या आत शहरात बोलवा उठली की जपान्यांनी बॉम्ब टाकले. ती अगदीच हवेतली नव्हती. त्याच दिवसांत जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाला येऊन भिडल्या होत्या. पुढे चौकशी आयोग बसला. हल्ला नाही, घातपात नाही, कापसाला अपघाताने आग लागली, असा निष्कर्ष निघाला. तरी मुंबईतल्या जुन्या माणसांशी बोलायला बसलात तर ‘तो जपान्यांचाच उद्योग’ म्हणणारं कोणीतरी आजही भेटतं.

हे प्रकरण मी बरीच वर्षं उकरत आलोय. त्यातून हाताला जी सवय लागली ती आजच्या बातम्या वाचतानाही उपयोगी पडते. फोनवर एखाद्या रुग्णालयाचा, धरणाचा, पाइपलाइनचा स्फोट येतो, तासाभरात दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि आपण चहा संपायच्या आत बाजू निवडून मोकळे होतो. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली विचारतात की सुरुवात कुठून करायची. मी स्वतः ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे मांडतोय. सोबत वही ठेवा. डोक्यातल्या डोक्यात हे काम होत नाही.

आधी प्रश्न फोडा

‘जबाबदार कोण?’ हा दिसायला एक प्रश्न आहे, पण त्यात निदान चार प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. काय फुटलं? कसं फुटलं? कोणाच्या हातून? आणि दोष कोणाचा? वहीच्या पहिल्या पानावर हे चार प्रश्न वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाखाली जागा सोडा. वाद घालणारी माणसं बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या तोंडावर फेकत असतात.

१५ नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेवोदुव या पोलिश गावात क्षेपणास्त्र पडलं, दोन माणसं गेली. पहिल्या बातम्यांत ते रशियाचं होतं. दुसऱ्या दिवशी पोलंड आणि नाटो दोघांनीही सांगितलं की बहुधा हे युक्रेनच्या हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र, रशियाचा मारा अडवायला सोडलेलं आणि भरकटलेलं. त्याच वेळी नाटोच्या प्रमुखांनी हेही म्हटलं की दोष युक्रेनचा नाही, अंतिम जबाबदारी रशियाची, कारण युद्ध रशियाने लादलं. ही शेवटची गोष्ट तुम्हाला पटो न पटो, तो चौथ्या प्रश्नावरचा राजकीय निवाडा आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने बदलत नाही. ‘क्षेपणास्त्र युक्रेनचं’ आणि ‘जबाबदार रशिया’ ही दोन वाक्यं एकाच पानावर नांदू शकतात.

घड्याळ मांडा

दुसरं काम वेळापत्रकाचं. डाव्या बाजूला वेळ, मधे घटना, उजवीकडे ‘हे कोणी सांगितलं’. मुंबईच्या स्फोटाचं माझं पान साधारण असं आहे.

फेब्रुवारी १९४४: बोट इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली. पोटात जवळपास १,४०० टन दारूगोळा, विमानं आणि सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला थांबा. तिथे कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि इतर माल चढवला. स्फोटकांच्या शेजारी कापूस लादायला कप्तानाची नाराजी होती, पण युद्धकाळात बोटीवर जागा मिळणंच मुश्कील, म्हणून माल चढला. १२ एप्रिल: मुंबईत दाखल. १४ एप्रिल, दुपारी दोनच्या सुमारास: दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या पोटात, आग लागल्याची ओरड. त्याच्या बऱ्याच आधी शेजारच्या बोटींवरून काहींना धूर दिसला होता, पण कोणी घंटा वाजवली नाही. दोन ते चार: बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं. ३ वाजून ५० मिनिटं: बोट सोडायचा हुकूम. ४ वाजून ६ मिनिटं: पहिला स्फोट.

आता जपानी विमानांच्या बोलवेकडे पुन्हा बघा. स्फोटाआधी दोन तास बोटीत आग होती, बंब आले होते, होसपाइप आत सोडले होते. आकाशातून बॉम्ब पडून ही सुरुवात होऊ शकत नाही. एक उपपत्ती नुसत्या घड्याळाने कापली गेली. घातपाताची मात्र नाही कापली गेली, कारण वेळ लावून ठेवलेली आग लावायची वस्तूही आधी धुमसते. घड्याळ किती कापतं आणि किती शिल्लक ठेवतं, दोन्ही लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट या पानावर मला दरवेळी थांबवते, ती म्हणजे ते दोन तास. दारूगोळा खात्याचा अधिकारी सांगत होता की बोट आहे तिथेच बुडवा. गोदीत खोली पुरेशी नाही असं दुसरं मत होतं. बोट ओढून बाहेर समुद्रात न्यावी, असा तिसरा विचार. गोदीचे, फौजेचे, बंबखान्याचे आणि बोटीचे, सगळ्यांचे अधिकारी तिथे हजर होते, आणि शेवटचा शब्द कोणाचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बंबवाले पाणी मारत राहिले. कापूस पाण्यावर तरंगतो. जळता कापूस पाण्याबरोबर वर, स्फोटकं ठेवलेल्या मजल्याकडे सरकत गेला. ६६ बंबवाले त्या दिवशी गेले. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर त्यांच्याच आठवणीत पाळला जातो. ते पळाले नाहीत. त्यांना सगळं सांगितलंही गेलं नव्हतं, कारण बोटीवर स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचं लाल निशाण त्या दिवशी लावलेलंच नव्हतं.

बातमीचा उगम शोधा

एकच बातमी पाच वर्तमानपत्रांत आली म्हणजे पाच पुरावे झाले नाहीत. पाचही एकाच अधिकाऱ्याच्या एका वाक्यावर उभे असतील तर पुरावा एकच. प्रत्येक दाव्यासमोर लिहा: हे मुळात कोण बोललं, त्याला ते कसं कळलं, आणि असं बोलण्यात त्याचा फायदा काय. फायदा आहे म्हणजे खोटं बोलतोय असं नाही. नुसती नोंद करा.

मुंबईच्या बाबतीत एक गंमतशीर वाटणारा, पण फार शिकवणारा पुरावा आहे. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच या स्फोटाची बातमी दिली. इकडे ब्रिटिश सेन्सॉरने वार्ताहरांना मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी बाहेर पाठवू दिली नाही. ‘शत्रूला दुसऱ्या दिवशी कळलं, म्हणजे त्याचाच हात’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला, आकाशभर धूर उठवणारा स्फोट दुसऱ्या दिवशी शत्रूच्या कानावर जाणं म्हणजे फार तर मुंबईत त्याचे कान होते. हात होते असं त्यातून निघत नाही. उलट आपल्याच सरकारने महिनाभर तोंड बंद ठेवल्यामुळे बोलवेला मोकळं रान मिळालं. सरकार गप्प बसलं तरी त्यातून लगेच काही सिद्ध होत नाही. युद्धात सरकारं अपघातही लपवतात आणि हल्लेही.

आजचं उदाहरण गाझाचं. १७ ऑक्टोबर २०२३ ला संध्याकाळी सातच्या सुमारास अल-अहली अरब रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने इस्रायलचा हवाई हल्ला म्हटलं. इस्रायलने इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र गटाचं भरकटलेलं रॉकेट म्हटलं. इस्लामिक जिहादने ते नाकारलं. जगातल्या मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी पहिल्या तासात पहिला दावा मथळ्यात घेतला आणि नंतर मथळे बदलले. पुढे एक व्हिडिओ गाजला. आकाशात एक ठिपका वर जातो, फुटतो, आणि काही क्षणांनी खाली रुग्णालयाकडे उजेड होतो. इस्रायल आणि अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनीही या चित्रणाचा आधार घेतला. मग वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रणं जुळवून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवलं की तो ठिपका इस्रायलच्या बाजूने सुटला होता, तीनेक किलोमीटर दूर फुटला होता, आणि त्याचा रुग्णालयाशी संबंधच दिसत नाही.

आता नवशिके इथे हमखास घसरतात. एका बाजूचा एक पुरावा पडला की दुसरी बाजू खरी ठरली, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. तो व्हिडिओ वहीतून खोडायचा आणि उरलेल्या पुराव्यांवर पुन्हा पहिल्यापासून बसायचं, एवढंच त्यातून निघतं.

माणसाशी बोलताना

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त सोनंही इथेच सापडतं.

माझी मावसआजी स्फोटाच्या वेळी नऊ वर्षांची होती, उमरखाडीत राहायची. लहानपणापासून मी तिच्याकडून ऐकत आलो की ‘जपानी विमानं आली, घरघर ऐकू आली, आणि मग बॉम्ब पडले’. मोठेपणी एकदा वही घेऊन तिच्याजवळ बसलो. विमानांबद्दल काहीच विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो.

“आजी, त्या वेळी तू नेमकी कुठे होतीस?”

“गच्चीवर. कुरडया वाळत घातल्या होत्या आईने. कावळे हाकलायला मला बसवलं होतं.”

“हातात काय होतं?”

“काठी. काठीला चिंधी बांधलेली.” तिने हात हलवूनही दाखवला.

“आधी काय झालं? आवाज की हादरा?”

ती थोडी थांबली. “पायाखालून आलं आधी. गच्ची थरथरली. मग आवाज. मी कुरडयांवरच पडले. सगळ्या मोडल्या. आई मारेल असं वाटलं मला.”

“मग?”

“आई वर आली, मला ओढून खाली नेलं. पाणी दिलं. शेजारच्या काकू आल्या रडत, त्यांचा दीर गोदीत होता. त्यांना बसवलं, चहा टाकला. चहा उकळत होता तेव्हा दुसरा झाला. काचा फुटल्या त्या दुसऱ्यात.”

“आणि विमानं?”

“काकूच म्हणाल्या ना, विमानं आली म्हणून.”

साठ-पासष्ट वर्षं तिने विमानांची घरघर ‘ऐकली’ होती, आणि ती आली होती शेजारच्या काकूंच्या तोंडून. पण तिच्या शरीराने जे अनुभवलं ते किती चोख निघालं बघा. पायाखालचा हादरा आधी आणि आवाज नंतर. जमिनीतून धक्का हवेतल्या आवाजापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे दूरच्या माणसाला तो आधी जाणवायलाच हवा. दोन स्फोटांत गच्चीवरून उतरणं, पाणी, शेजारणीचं येणं, चहा. हे सगळं मिळून नोंदीतला अर्धा तास सहज भरतो. म्हणजे तीच बाई एका गोष्टीत उत्तम साक्षीदार आणि दुसऱ्या गोष्टीत नुसती निरोप्या. ‘साक्षीदार विश्वासार्ह आहे का’ असं अख्ख्या माणसाबद्दल विचारून भागत नाही. वाक्यावाक्याला विचारावं लागतं: हे पाहिलं, ऐकलं, की नंतर कळलं?

म्हणून नियम असे पाळा. आधी जागा विचारा, मग हातातलं काम, मग क्रम. निष्कर्ष कधीच विचारू नका. ‘विमान पाहिलंत का?’ असा प्रश्न टाकलात की तुम्हीच तिच्या आठवणीत विमान सोडलंत. जखमी आणि घरचं माणूस गमावलेल्यांशी बोलताना घाई करू नका, रेकॉर्डर लावायच्या आधी विचारा, आणि ते थांबा म्हणाले की थांबा.

वस्तू काय सांगतात, आणि काय नसणं सांगतं

खड्डा, तुकडे, जळाल्याच्या खुणा, भिंतींवरची भोकं, आवाज. व्हिडिओत उजेड आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सहा सेकंदांचा फरक असेल तर कॅमेरा दोनेक किलोमीटरवर. मग नकाशावर कॅमेऱ्याची जागा आणि स्फोटाची जागा टाकून ते अंतर जुळतं का बघा. सावल्यांवरून वेळ, दुकानांच्या पाट्यांवरून गल्ली. ही कामं आठवडाभर सराव केला तर कोणालाही जमतात.

अल-अहलीच्या आवारातला खड्डा जेमतेम मीटरभराचा होता, आणि आसपासच्या इमारती उभ्या होत्या. जळालेल्या गाड्या मात्र पुष्कळ. विमानातून टाकतात तसल्या मोठ्या बॉम्बशी हे जुळत नाही. पण ‘मोठा बॉम्ब नाही’ म्हणजे आपोआप ‘रॉकेटच’ असं नाही. लहान खड्डा करणारी शस्त्रं दोन्हीकडे असतात. खरा फैसला शस्त्राच्या तुकड्यांवरून झाला असता, आणि ते तुकडे कोणी जगासमोर ठेवले नाहीत. ज्यांच्या ताब्यात जागा होती त्यांनी ते का दाखवले नाहीत, हा प्रश्न वहीत जाड अक्षरांत लिहायचा. ‘ह्युमन राइट्स वॉच’ या मानवाधिकार संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये म्हटलं की पॅलेस्टिनी गट वापरतात तसल्या रॉकेटसारख्या अस्त्राची शक्यता जास्त दिसते, आणि पूर्ण तपास व्हायला हवा. काही दुसऱ्या अभ्यासकांनी इस्रायलच्या खुलाशातल्या विसंगती दाखवल्या. मी या प्रकरणात ‘बहुधा भरकटलेलं रॉकेट’ असं लिहितो, ‘बहुधा’ या शब्दासकट, कारण तपास झाले ते बहुतेक दुरून, चित्रणं आणि साक्षींवर.

नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा वाचावा याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्यूबातल्या हवानाच्या बंदरातलं. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका तिथे फुटली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. अमेरिकी नौदलाच्या चौकशीने ठरवलं की बाहेरून सुरुंग लागला, कारण तळाचा कणा वर वाकलेला होता. स्पेनच्या चौकशीने साधी गोष्ट विचारली. पाण्याखाली सुरुंग फुटला तर पाण्याचा खांब उसळतो आणि मेलेले मासे वर येतात. इथे खांब कोणी पाहिला नाही, आणि बंदरात मेलेले मासेही नव्हते. पण तोवर अमेरिकेत युद्धाचं वारं भरलं होतं, माशांचं कोण ऐकणार? दोन महिन्यांत युद्ध सुरू झालं. १९७६ साली अमेरिकी नौदलाच्याच ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने म्हटलं की कोळशाच्या कोठारात आपोआप लागलेली आग शेजारच्या दारूगोळ्याला भिडली असावी. यावर आजही सगळ्यांचं एकमत नाही. पण प्रत्येक स्फोटाच्या वेळी स्वतःला विचारायची सवय लावा: हे कारण खरं असतं तर आणखी काय दिसायला हवं होतं? आणि ते दिसलं का?

आकड्यांना कॅल्क्युलेटर लावा

हे काम पाच मिनिटांचं आहे, तरी फार थोडे लोक करतात. ‘फोर्ट स्टिकिन’वर कराचीत ८७,००० गाठी कापूस चढला, असं तुम्हाला पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसेल. कापसाच्या एका गाठीचं वजन साधारण १७० किलो. गुणाकार करा. जवळपास १५,००० टन होतात. या जातीच्या बोटींची एकूण माल वाहायची ताकद सुमारे १०,००० टन, आणि पोटात आधीच दारूगोळा होता. म्हणजे तो आकडा खरा असता तर बोट कराचीच्या धक्क्यालाच बसली असती. काही ठिकाणी ८,७०० गाठी असा आकडा मिळतो. तो १,५०० टनांच्या आसपास जातो आणि बोटीत मावतो. एक शून्य कुठेतरी जास्त पडलं आणि एकाचं बघून दुसऱ्याने उचललं. ज्या लेखात ८७,००० दिसेल त्या लेखाने बाकीचेही आकडे तपासलेले नाहीत असं धरून चाला. आणि बोटीच्या वर्णनात छापलेले ‘७,१४२ टन’ हे वजन नव्हे, ते आतल्या जागेचं माप आहे. त्यात नवीन माणूस हमखास फसतो.

मृतांच्या आकड्यांत वेगळी अडचण. मुंबईचे ८०० ते १,३०० पर्यंत वेगवेगळे आकडे दिले जातात. गोदीतली रोजंदारीची माणसं कोणाच्या हजेरीपटावर होती? मशीद बंदराच्या वखारींत झोपणाऱ्या हमालांची मोजदाद कोणी ठेवली? गाझात आरोग्य मंत्रालय ४७१ म्हणालं, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० होता. मृतांच्या आकड्यावरून गुन्हेगार ठरवू नका. मोठा आकडा खोटा निघाला तरी मेलेली माणसं खरीच असतात, आणि हे लिहिताना आपली भाषा कोरडी होऊ देऊ नका.

तक्ता

आता पान आडवं धरा. वर रकान्यांत सगळ्या शक्यता, तुम्हाला न आवडणाऱ्याही. डावीकडे पुरावे. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: ही शक्यता खरी असेल तर हा पुरावा दिसेल का? जो पुरावा सगळ्या रकान्यांत ‘हो’ मिळवतो तो कितीही थरारक असला तरी निकालाच्या कामाचा नाही.

मुंबईसाठी माझे तीन रकाने: कामगाराची विडी-सिगारेट, कापूस आपोआप तापणं, घातपात. ‘जपानी फौजा सीमेवर होत्या’ हा पुरावा घातपाताला हेतू देतो, पण विडी पडली असती तरी जपानी तिथेच असते. ‘आग कापसात, खालच्या बाजूला लागली’ हे तिन्हींत बसतं. ‘तेलाची पिंपंही त्याच प्रवासात होती’ हे दुसऱ्या रकान्याला थोडं वजन देतं, कारण तेल लागलेला कापूस आपोआप तापू शकतो. ‘दोन दिवस माल उतरवायला माणसं ये-जा करत होती’ हे पहिल्याला आणि तिसऱ्याला दोघांनाही. आग लावायच्या वस्तूचा तुकडा, पकडलेला माणूस, कबुली, यातलं तिसऱ्या रकान्याला खास वजन देणारं काही पुढे आलं नाही. आयोगाने सगळ्यात जास्त शक्यता धूम्रपानाची धरली.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. ‘अपघात’ याबद्दल मला मोठी खात्री वाटते. ‘विडी’बद्दल मध्यम. ती विडी पडताना कोणी पाहिली नाही, ती बरीचशी वजाबाकीने उरलेली आहे. आणि वजाबाकीत दोष नेहमी साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाकडे घरंगळत येतो, ज्याच्याकडे वकील नाही आणि बहुतेक वेळा जो मेलेला असतो. स्फोटकांजवळ कापूस लादायचा निर्णय गोदीतल्या हमालाचा नव्हता. लाल निशाण न लावायचा नव्हता. दोन तास कोणीच हुकूम न देण्याचा तर नव्हताच. वहीतला चौथा प्रश्न याचसाठी वेगळा ठेवायचा.

हेतू सगळ्यात शेवटी

‘फायदा कोणाला?’ हा प्रश्न लोक पहिला विचारतात. मी तो शेवटी विचारतो, कारण युद्धात फायदा कोणाला तरी होतोच. पण तो टाकूनही देऊ नका. ३० जुलै १९१६ च्या पहाटे न्यूयॉर्क बंदरात ब्लॅक टॉम इथे दोस्त राष्ट्रांकडे जाणारा दारूगोळा फुटला. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही इजा झाली. सुरुवातीला संशय रखवालदारांवर, डास हाकलायला त्यांनी पेटवलेल्या धुरीवर. अपघात म्हणून प्रकरण जवळपास मिटलंच होतं. अमेरिका-जर्मनी संयुक्त आयोगाने १९३० मध्ये अमेरिकेचा दावा फेटाळला. पण दावेदारांनी पिच्छा सोडला नाही. एका मासिकाच्या ओळींमध्ये लिंबाच्या रसाने लिहिलेला गुप्त निरोप, नव्या साक्षी, जुन्या साक्षींतलं खोटं, सगळं समोर आलं आणि १९३९ मध्ये त्याच आयोगाने जर्मन हेरांचा घातपात असल्याचा निर्णय दिला. रखवालदाराच्या धुरीपासून इथवर यायला २३ वर्षं लागली.

म्हणून मुंबईच्या वहीत घातपाताचा रकाना मी रिकामा ठेवलाय, खोडलेला नाही.

निष्कर्ष लिहिताना

चार प्रश्नांची चार वेगळी वाक्यं लिहा. प्रत्येकापुढे खात्री लिहा: पक्की, मोठी, मध्यम, कमी. काय सापडलं तर मत बदलेन, हेही लिहा. शेवटी तारीख टाका. माझ्या वहीतलं पान असं आहे:

काय फुटलं: बोटीतला दारूगोळा, दोनदा. पक्की. कसं: दोन नंबरच्या फाळक्यातल्या कापसाची आग वर चढून. पक्की. कोणाच्या हातून: बहुधा कोणाच्यातरी चुकीने, कदाचित विडीने. अपघात मोठी, विडी मध्यम. आग लावायच्या वस्तूचा अवशेष किंवा त्या काळच्या शत्रूच्या कागदांत नोंद सापडली तर बदलेन. दोष कोणाचा: कापूस आणि स्फोटकं एका फाळक्यात लादणारे, निशाणाविना बोट गोदीत घेणारे, आणि दोन ते चार या वेळात धक्क्यावर अधिकार घेऊन उभे असलेले. मोठी.

याच्या खाली पेन्सिलीने मावसआजीचं वाक्य आहे: ‘पायाखालून आलं आधी.’